माळ्यापासून उशापर्यंत

१४ जून १९६२
नळी बसली एकदाची. चुलीवरच्या माळ्यापासून पडवीतल्या माझ्या उशापर्यंत सलग वेळू. आतल्या गाठी तापल्या सळईने फोडल्या, सांधे लाखेने बुजवले. बोटीवर गोदामांतून अशाच नळ्या वर यायच्या. पंखा हवा ओढायचा, खाली आग लागली तर कळावी म्हणून पहाऱ्यावरचा हुंगत बसायचा. इथे पंखा कुठला? लोहाराचा जुना भाता उलटा जोडलाय.
सूनबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "आबानू, चूल माझ्या नाकाखाली, आणि वास तुमी घेवचो?"
दुधाने पोळलेला ताक फुंकून पितो, म्हटलं. हसली शालन. पाचवा महिना तिला. माळ्यावर नारळाची सोडणं, सुकी लाकडं, वर गवती छप्पर. हसण्यासारखं काय आहे त्यात?

२० जून
परीक्षा. शालन चुलीत काहीतरी टाकणार, मी पडवीतून ओळखायचं. सोडण, बरोबर. शेणी, बरोबर. सुकट, अगदीच बरोबर, तोंडाला पाणी सुटलं. वसंताला मुंबईला कळवते म्हणाली, तुमच्या वडिलांचं नाक मांजराच्या वर आहे.

२ जुलै
ताप. सर्दी. भात्याचं कातडं उंदराने कुरतडलं. उठवत नाही, तरी ठिगळ लावलं, तेल दिलं.

११ जुलै
ताप उतरला. दुपारी चूल विझल्यावर भाता ओढला आणि वास आला. काजू भाजताना टरफलातलं तेल पेटतं, तो. शालन माळा चढून बघून आली. काय नाय हो थंय, म्हणाली.
वसंताची आई काजू भाजतानाच गेली. मी बोटीवर. घरी पोचलो तोवर मागच्या जळक्या खोपीची, मांगराची, जागा सारवून मोकळी झाली होती. तो धूर माझ्या नाकात कधी गेलाच नाही. तरी आज ओळखला.
या घरात नंतर काजू भाजला नाही. शालनला एवढंच ठाऊक, सासू चुलीवर जळाली. वसंत सगळ्यांना तेवढंच सांगतो.

१५ जुलै
परत आला. परत शालन शिडीवर. खाली काही नाही, वर काही नाही. माझ्या नाकापायी पोटुशी बाई वरखाली करतेय. लाज वाटली.

२२ जुलै
परीक्षा. ठसका लागला, म्हटलं मिरची. शालन खूश. पण वास नव्हता, नुसता ठसका. मागाहून उदबत्ती नाकाशी धरली. रॉकेलच्या बाटलीचं बूच काढलं. पाणी हुंगावं तसं.
तापाने नाक नेलं. राहिलाय तो एकच वास. हे कुणाला सांगू? आणि न सांगून कसं...

३० जुलै
आज माळा खरंच पेटला. ठिणगी सोडणांत गेली. मी डोळे मिटून भाता ओढतोय, नळीतून धूर थेट तोंडावर, खोकलो ते तापामागचं समजलो, आणि मला पत्ता नाही. शालन विहिरीवरून आली म्हणून दिसला. कळशा ओतून तिनेच विझवला. हाताला फोड आले.
रागावली नाही. मी फोडांवर खोबरेल लावत होतो तेव्हा हळूच म्हणाली, "तुमका वास येना नाय मां?"
नाही म्हटलं.
"मगे माका माळ्यार कित्याक चढयलास?"
एक वास येतो, म्हटलं. कसला ते सांगवेना. तिनेही विचारलं नाही.

६ ऑगस्ट
माळा झाडून रिकामा केला. वसंताचं पत्र आलं, चतुर्थीला येतो, शालनला धामापूरला माहेरी पोचवतो. तोवर नळी मोडा, म्हणतो. शालन नाही म्हणाली. भाता मी ओढायचा, हुंगणार ती. नाक ह्या घरात एक तरी चालता आसा, म्हणे.
बरी आहे पोर.

१२ ऑगस्ट
चार दिवस पाऊस उघडला नाही. गावात सगळं ओलंचिंब. दुपारी चूल गार, माळा रिकामा. मी भाता ओढला.
आला. मी तोंड मिटून बसलो.
शालन नळीशी वाकली होती. नेहमी लगेच उठते. आज उठेना. मग म्हणाली, "आबानू, ह्या पावसात काजी कोण भाजता?"
भ्यायला हवं होतं मी. पण आधी बरंच वाटलं, अगदी रडू येण्याइतकं बरं. एकटा नव्हतो.
मग तिच्या पोटाकडे नजर गेली. भाता सोडला मी. ती तशीच वाकून हुंगत होती.