झटका बंद करण्याचा अधिकार

या शरीरात आलेल्या वस्तू: हृदयाचे ठोके बिघडले की आतून झटका देणारे छातीतले यंत्र, एक, किंमत माझ्या चार बांगड्या आणि यजमानांच्या दुकानाचा गाळा. मानेत डायलिसिसची नळी, तिसरी. आधीच्या दोन पू झाल्याने काढल्या. एवढे वागवूनही माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाच्याही दडपणाशिवाय, देवाला स्मरून हे मृत्युपत्र लिहिते.

१. राहते घर व बँकेतली ठेव लेकीला. शिलाई मशीनही तिलाच. तेल वेळेवर घालावे.

२. जाऊबाईंनी नेलेले मोठे पातेले मी सोडून दिले. त्याचे झाकण वीस वर्षे अडवून ठेवले होते, तेही त्यांना द्यावे.

३. भिंतीवरचे घड्याळ घड्याळजींच्या पत्नीला. घड्याळजी डायलिसिसला माझ्या शेजारच्या खाटेवर असत. त्यांच्याही छातीत असेच यंत्र. "ताई, घड्याळ माझ्या छातीत अन् किल्ली डॉक्टरांकडे!" म्हणून हसवायचे. हे घड्याळ त्यांनी फुकट दुरुस्त करून दिले. त्यांचा शेवट जवळ आला तेव्हा डॉक्टरांनी विचारले, यंत्राचा झटका बंद करू का? त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "श्वास देवाचा आहे वहिनी, बंद करणारे आपण कोण?" त्यांनी नकार दिला. जाताना घड्याळजींना नऊ झटके बसले. मी मोजले. झटका बंद केल्याने हृदय थांबत नाही, माणूस आपल्या वेळेनेच जातो, हे मी नंतर डॉक्टरांना विचारले तेव्हा कळले. आधी विचारायला हवे होते.

४. हे कलम मरणाआधीचे. माझी शुद्ध गेली आणि डॉक्टरांनी आशा सोडली, की माझा झटका बंद करावा. लेकीला सांगितले तर म्हणाली, "आई, असलं अभद्र बोलू नकोस. श्वास देवाचा असतो, तूच शिकवलंस ना?" तिच्याच्याने हे होणार नाही, तिला कोणी बोल लावू नये. तो होकार देण्याचा अधिकार मी घड्याळजींच्या पत्नीला देते.

साक्षीदार: डायलिसिसची सिस्टर (सही), खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका (सही).
ठिकाण: मागची खोली. वार गुरुवार, डायलिसिसची सुट्टी.
लिहून देणार: लेकीची आई (सही)

वहिनी, तुम्ही आता भावाकडे राहता म्हणून ही नक्कल त्यांच्या पत्त्यावर पाठवते. समोर येऊन विचारायचे धाडस झाले नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी घड्याळ तुमचेच. होकार कोण देणार, ते नाव डॉक्टरांना सांगायचे आहे. हो किंवा नाही, एवढेच उलटटपाली कळवावे.