एका टिचकीत काठ

कुंभकोणम्, १ जुलै १९९९

ती. सुंदरअण्णास,
वेदवतीचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. डॉक्टरीणबाईंनी बैठे काम बंद करायला सांगितले आहे, म्हणून पंधरवड्यात आईकडे तंजावरला जाईन. पोटातले बाळ मामासारखेच रात्री जागते.

पण तुझ्या कॉम्प्युटरचे काय करू? दारासुरमचे विणकर काठापदराच्या नक्ष्या चौकटींच्या पानावर माझ्याकडून छापून नेतात. हे नागपट्टणमला, रविवारीच घरी येतात. राहिले मामंजी. जन्मभर त्यांनी हाताने नक्ष्या काढल्या. हात कापू लागल्यापासून नक्ष्यांच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. कमांड टंकायला शिकवते म्हटले, तर म्हणाले की यंत्राशी काय बोलायचे ते तूच बोल.

म्हणून तुझ्या शेल स्क्रिप्टचे, म्हणजे नक्षी छापणाऱ्या कमांडांच्या फाइलीचे, चित्र डेस्कटॉपवर ठेवले, की त्यांनी नुसती टिचकी मारावी. टिचकी मारते आणि काहीच होत नाही. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टंकायच्या खिडकीत, ‘sh chaukat.sh’ टंकले की तीच स्क्रिप्ट सुरळीत चालते. विणकर चंद्रमौलींच्या मुलीचे आवणीत, म्हणजे ऑगस्टात, लग्न आहे. तिची साडी ते स्वतः विणणार आहेत आणि तिला पदर अजून पसंत पडलेला नाही. माझ्यामागे त्यांचा माग अडायला नको. लवकर लिही.

मन्नीवहिनीस नमस्कार. माया आहे तशीच ठेव.
तुझी वेदवती


बंगळूर, ७ जुलै १९९९

चि. वेदवतीस अ. आ.

मामाची निंदा पोचली. स्क्रिप्ट शहाणी आहे, फक्त तिला वाट ठाऊक नाही. तू आधी नक्ष्यांच्या फोल्डरमध्ये शिरतेस, मग तिला चालवतेस. चित्रावरून ती निघते तुझ्या घरच्या फोल्डरमधून, आणि तिथे तिला एकही काठ सापडत नाही. शिवाय ती नक्षीचा नंबर विचारते. विचारायला खिडकीच नाही, म्हणून मुकाट्याने मरते.

एकदाच टर्मिनलमध्ये ‘chmod +x chaukat.sh’ टंक, म्हणजे तिला स्वतःहून चालायची परवानगी मिळेल. स्क्रिप्टची ‘#!/bin/sh’ ही पहिली ओळ वरच राहू दे. तिच्याखाली ‘cd’ आणि पुढे फोल्डरचा पूर्ण पत्ता लिही. शेवटच्या ओळीत ‘read’ घाल, म्हणजे एंटर दाबेपर्यंत खिडकी मिटणार नाही आणि काही चुकले तर वाचता येईल. मग चित्रावर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीजमध्ये स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता दे आणि टर्मिनलमध्ये चालवण्याच्या चौकोनात खूण कर.

मामंजींना सांग, टिचकी एकच. आणि तू जड काही उचलू नकोस. आठवण ठेवून लिहीत जा.
तुझा अण्णा


कुंभकोणम्, १३ जुलै १९९९

ती. सुंदरअण्णास सा. न.

चालले. पहिल्या वेळी मी पत्त्यात एक अक्षर गाळले होते, पण खिडकी थांबली आणि चूक दिसली. मामंजींना खुर्चीत बसवले. त्यांनी दोन टिचक्या मारल्या, दोन खिडक्या उघडल्या, एकाच काठाची दोन पाने निघाली. दुसरे पान कुणाचे म्हणून विचारत होते. मग गंभीरपणे म्हणाले की आपण फक्त बटण दाबणारे झालो. ते ऐकून मला बरे वाटले नाही. उद्याच्या बसने निघते.

लोभाची वेदवती


कुंभकोणम्, ३० ऑगस्ट १९९९

चि. सुंदरराव यांसी सेतुरामाचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही मामा झालात. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. तार मिळालीच असेल, तरी आजोबाने स्वतः लिहावे म्हणोन लिहितो. अक्षर वाकडे आहे, सांभाळून घ्यावे.

तुमच्या चित्राने काम बहुत नीट चालले. विणकर येतात, नंबर सांगतात, मी पान काढून देतो. चंद्रमौलींच्या मुलीस मात्र एकही पदर रुचेना. तिला हंस हवे होते, आणि हंस वेदवतीने काढलेले नव्हते. चंद्रमौली म्हणाले की लग्न तोंडावर आले, आता आंब्यांचाच पदर विणतो. त्या पोरीने नुसती मान हलवली. मला ते पाहवेना.

त्या गडबडीत माझ्या हातून नंबरच्या जागी शून्य दाबले गेले आणि निव्वळ चौकटींचे कोरे पान बाहेर आले. फाडून टाकणार होतो. मग पेन्सिल घेतली. हात कापतो म्हणोन दोन वर्षे रेघ ओढली नव्हती. पण इथे रेघ ओढावी लागत नाही, घर भरावे लागते. पेन्सिल थरथरली तरी भरलेले घर ते भरलेलेच. संध्याकाळपर्यंत एक हंस झाला, दुसऱ्या दिवशी त्याची जोडी. चंद्रमौलींनी पान उभ्या उभ्या वाचले आणि घडी न घालता दारासुरमला नेले. काल मुलगी ती साडी नेसून नमस्काराला आली होती.

वेदवतीने फोनवर सांगितले की शून्य दाबल्यावर कोरे पान निघणे हा स्क्रिप्टचा दोष आहे, आणि तुम्ही पुढल्या खेपेस तो काढणार आहात. माझी विनंती आहे, तो काढू नये. कोरी पाने मला अजून बरीच लागतील.

कृपा आणि येणे-जाणे असू द्यावे.
आपला सेतुराम