वाळवंट, समुद्र, की धुकं

३ नोव्हेंबर, सोमवार
दुरुस्ती. काल इथे लिहिलं की पुढचा खेळ सांगायला दादाने माझी निवड केली. हे चूक आहे. दादाने टेबलाभोवती नजर फिरवली. ड्रायव्हरकाकांनी घड्याळात पाहिलं, डॉक्टरताई चष्मा पुसायला लागल्या, आणि माझ्या तोंडात बिस्किट असल्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही. याला निवड म्हणत नाहीत.

चूक खोडायची नाही, दुरुस्ती लिहायची, हा आत्याचा नियम. शाळेत घालेपर्यंत तिनेच मला घरी शिकवलं. शाळेत गेले तेव्हा व्याकरण पक्कं होतं आणि मैत्रीण एकही नव्हती.

खेळ साधा आहे. दर रविवारी चार वाजता आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसायचं. एकाने एक जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यात कुणीतरी होऊन वावरायचं. जमलं की फसलं, ते फासे ठरवतात. आजवर दादा सांगायचा. बुधवारी तो नव्या नोकरीच्या गावी चाललाय. काका म्हणाले, खेळ बंद पडणार असेल तर मी आपली रविवारची ड्यूटी घेतो. ताई म्हणाल्या, मग मीही क्लिनिक उघडते. म्हणजे आत्या सोडून माझ्या ओळखीची सगळी माणसं संपली.

निश्चय: येता रविवार तयारीला, पुढच्या रविवारी, १६ तारखेला पहिला डाव. घाबरण्यासारखं काही नाही. फक्त जग ठरवायचंय.

५ नोव्हेंबर, बुधवार
दादा गेला. जाताना म्हणाला, अगं कुठलंही जग घे, लोक आपोआप बोलत सुटतात. याचं नियोजन असं असतं.

जग ठरलं. समुद्र आणि बेटं. दर रविवारी नवं बेट, म्हणजे आधीच्या बेटावर झालेली चूक मागेच राहते. फार सोयीचं.

संध्याकाळी: जहाजं बुडतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार
डॉक्टरताईंचा फोन. म्हणाल्या, दिवसभर लोकांच्या जबड्यात डोकावून डोकावून माझं जग केवढंसं झालंय ग, मला मोकळं पाणी दे. क्षितिज दिसलं पाहिजे. आणि कुणाला आ करा म्हणावं लागता कामा नये. मी म्हटलं, समुद्रच ठरलाय. त्या क्षणी तो ठरलेला होता. त्यामुळे हे खोटं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
काकांच्या बसने बाजारात गेले. सिग्नलला ते मागे वळून म्हणाले, पोरी, वाळवंट दे. जिथे स्टॉप नाही, घंटा नाही, सुट्ट्या पैशांची भांडणं नाहीत. वाटेल तिकडे वळावं आणि मागून कुणी हॉर्न मारू नये. मागून तेवढ्यात हॉर्न वाजला. ते म्हणाले, बघ.

पटलंच. वाळवंटात कुणी बुडत नाही. उतरायच्या आत मी हो म्हणून टाकलं.

उतरल्यावर तहानेचं लक्षात आलं. काकांना साखर आहे, त्यांना तहान फार लागते. त्यांना उन्हात पाण्यावाचून ठेवणं माझ्याने व्हायचं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
चार वाजता टेबल पुसलं. कुणी येणार नव्हतं.

नवीन जग: जमिनीखालचं शहर. मुख्य आकर्षण भिंती. प्लेअर कुठून कुठे जाणार ते आधीच कळतं. आत्या म्हणाली, म्हणजे तुला त्यांना कोंडायचंय. मी म्हटलं, सुरक्षित ठेवायचंय. ती म्हणाली, कोंडणारे तेच म्हणतात.

भुयारांचं वर्णन लिहायला बसले. अर्ध्यावर उठून घरातले सगळे दिवे लावावे लागले. ऊन पडलं होतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
तरंगती बेटं: पडतील. जादूगारांचा दरबार: सगळे अदबीने बोलतात, हे उत्तम, पण अदबीने बोलणारे विष घालतात. शेवटी धुक्याचं जग. यासारखं जग नाही. मॅप काढावा लागत नाही, दोन हातांपलीकडचं कुणी विचारत नाही. दुपारभर खूश होते.

मग विचार आला, धुक्यात काय आहे? मी सांगणारी, आणि मलाच माहीत नाही.

आत्याने विचारलं, जग राहू दे बाजूला, तुला भीती कसली वाटते ते सांग. मी म्हटलं, चुकीच्या जगाची. खरं म्हणजे असं दिसतं की दोघं माझ्याकडे बघतायत, मी तोंड उघडलंय आणि आतून काहीच येत नाहीये. पण हा मुद्दा जगाच्या निवडीशी संबंधित नाही, म्हणून इथे वाढवत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
काकांचा मेसेज: उंट तयार आहे, स्वभावाने तिरसट ठेवलाय. पाठोपाठ ताईंचा: जहाज तयार, डोलकाठ्या तीन.

एकाच टेबलावर उंट आणि जहाज येणार आणि बोलावणारी मी. धुक्याचं अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

घसा जरा धरल्यासारखा वाटतोय.

१५ नोव्हेंबर, शनिवार
घसा बसला. तसं दोघांना कळवलं. ताई म्हणाल्या, उद्या येतेच आहे, आ कर, बघते. मी कळवलं, संसर्गजन्य असावं. त्यांनी कळवलं, माझ्याकडे सगळे तसेच येतात. काका म्हणाले, तू नसलीस तरी टेबल असेल ना.

१६ नोव्हेंबर, रविवार
मफलर गुंडाळून आतल्या खोलीत बसले. दार लावून घेतलं. बाहेर दोघांचं लगेच जुंपलं. काका म्हणाले, मला वाळवंट सांगितलंय. ताई म्हणाल्या, मला समुद्र. आता माझं नाव निघणार म्हणून मी उशी पोटाशी धरली.

तेवढ्यात आत्या चहा घेऊन गेली. तिने विचारलं, उंट जहाजात चढतो का? काका म्हणाले, माझा नाही चढायचा, त्याला पाण्याचा राग आहे. ताई म्हणाल्या, ढकलते, टाका फासे. फासे पडले. मोठा हशा झाला. उंटाने बहुतेक कॅप्टनला लाथ घातली.

किती वेळ खेळले कुणास ठाऊक. जग कुठलं, ते शेवटपर्यंत कुणी ठरवलं नाही. मधे ताईंनी विचारलं, या किनाऱ्यावर दार कसलं आहे? आत्या म्हणाली, बंद आहे. आत एक प्राणी आहे. काका म्हणाले, चावतो का? आत्या म्हणाली, छे, तोच घाबरलेला आहे. गळ्यात काहीतरी गुंडाळून बसलाय, आणि त्याला या किनाऱ्याची सगळी माहिती आहे. काका म्हणाले, मग दार फोडू. ताई म्हणाल्या, आधी ठोठावू. आत्या म्हणाली, आज नको, पुढच्या वेळी.

निघताना काका आत्याला म्हणाले, पुढच्या रविवारी ते दार उघडलं नाही तर मी ड्यूटीला होकार देऊन टाकतो, साहेब मागे लागलाय. दाराकडे तोंड करून बोलल्यासारखं जरा मोठ्याने म्हणाले.

आत्याच्या सांगण्यात दोष आहेत. प्राणी कुठल्या जातीचा ते सांगितलं नाही. मफलरचा तपशील ओढूनताणून आणलेला वाटला. शिवाय एवढी माहिती असलेला प्राणी नुसता बसून का राहील, हे पटत नाही.

मात्र ठोठावल्यावर त्याचं काय होईल, हा विचार मघापासून पाठ सोडत नाही. कडी बघून ठेवली. ती माझ्याच बाजूला आहे. त्यांनी ठोठावायच्या आत दार आतूनच उघडलेलं बरं. मी उघडणार, रविवारी, २३ नोव्हेंबरला.