आरसा सरळ करू नये

मी, खाली सही करणारा, आधी तोफखान्यातला शिपाई आणि नंतर शिलाई मशीन दुरुस्त करणारा, हे मृत्युपत्र माझ्या दुकानातल्या टेबलावर, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. अशा कागदात ‘अक्कलहुशारीने’ हा शब्द घालतात. अक्कल शाबूत आहे. हुशारीबद्दल माझ्या पत्नीला विचारावे. तब्येतीचे म्हणाल तर हृदयाची एक झडप कामचुकार निघाली आहे आणि पुढच्या आठवड्यात डॉक्टर ती बदलणार आहेत. वाचलो तर हा कागद ड्रॉवरमध्ये पडून राहील आणि माझ्या मेहुण्याची निराशा होईल. नाही वाचलो, तर पुढीलप्रमाणे व्हावे.

कलम एक. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या पत्नीची. घर तसेही तिचेच होते, मी फक्त घरपट्टी भरत आलो. शिल्लक बघून तिने हसू नये.

कलम दोन. दुकानातली सगळी हत्यारे, तेलाच्या बुधल्या आणि सुटे भाग पकडायचा लहान शेगडा माझ्या मुलीला. ती लोकांना मोटार चालवायला शिकवते, त्यामुळे तिला मशीनची जाण आहे आणि आवाजही आहे. मशीन खडखडते हे गिऱ्हाईक मला सांगत असे, का खडखडते ते मी मशीनवर तळहात ठेवून ओळखत असे. ही युक्ती तिला शिकवून झाली आहे.

कलम तीन. पत्नीचा धाकटा भाऊ, म्हणजे वर उल्लेख केलेला मेहुणा, याला माझी लोखंडी शिडी. ती फार वर्षांपासून त्याच्याच घरी आहे. ‘दोन दिवसांत आणून देतो, भाऊजी’ असे म्हणून नेली होती. चारचौघांत ‘भाऊजींना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं’ असे म्हणणाऱ्या माणसाला याहून जास्त देववत नाही.

कलम चार. लंबू हा तोफेवरचा माझा जोडीदार. दुकानातल्या आरामखुर्चीवर त्याचा पहिल्यापासून डोळा आहे. पण माझा पेन्शनचा दावा चालवणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही द्यायचे त्याची साक्ष घेऊ नये. साक्षीला लंबू हवाच, म्हणून खुर्ची मुलीच्या नावे करतो. लंबूने रोज येऊन तीत बसावे, मालकी मात्र सांगू नये.

कलम पाच. न्हाणीघराबाहेर खिळ्याला माझा दाढीचा आरसा तिरका टांगलेला आहे. तो कोणीही सरळ करू नये. पत्नीने आजवर तो अनेकदा सरळ केला आणि मी प्रत्येक वेळी पुन्हा तिरका केला. कारण कलम सातमध्ये दिले आहे.

कलम सहा. माझा अपंगत्व पेन्शनचा दावा.

हा घरात सर्वांना तोंडपाठ आहे, तरी कागदावर यावा. तोफांनी माझे दोन्ही कान नेले. आम्हाला कानात घालायला कापूस मिळे, तोही संपला की संपला. तोफेजवळ कोणाला कोणाचे ऐकू येत नाही, म्हणून आम्ही ओठ बघून हुकूम घ्यायचो. सेवा संपताना वैद्यकीय मंडळापुढे गेलो तो बूट चमकवून, छाती काढून. समोर उभ्या साहेबांनी हळू आवाजात चार शब्द उच्चारले. मी त्यांच्या मिशीखालून ते एकेक वेचले आणि बिनचूक म्हणून दाखवले. मग त्यांनी विचारले, “काही तक्रार?”

या प्रश्नाला आम्हाला एकच उत्तर शिकवलेले होते. मी ते खणखणीत दिले. “नाही, साहेब!”

बाहेर लंबू उभा होता. म्हणाला, “पास?”

“पास!”

“मीपण!”

आपल्याच पायावर धोंडा मारून घेतल्याच्या आनंदात आम्ही दोघांनी चहा प्यायला.

पुढे दावा केला तेव्हा उत्तर आले की सेवामुक्तीच्या वेळी तक्रार नव्हती. अपील केले, त्यांनी पुन्हा समोर बसवून तपासले, मी पुन्हा ओठ वाचले. कान उत्तम, अपील फेटाळले. मुलगी म्हणाली, “बाबा, पास झाला म्हणून नापास झालेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय.”

यंदा हृदय तपासायला गेलो तर डॉक्टरीणबाई तोंडाला मास्क लावून आल्या. त्या काहीतरी विचारत होत्या आणि मी कापडाकडे बघत होतो. शेवटी अंदाजाने म्हणालो, “एकच मुलगी.” त्यांनी दम लागतो का असे विचारले होते म्हणे. त्यांनी तिथल्या तिथे कानाच्या तपासणीला पाठवले. तिथे बंद खोलीत, भिंतीकडे तोंड करून बसवले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या परीक्षेत सपशेल आपटलो, आणि वकीलबाईंनी त्या निकालावर दावा पुन्हा सुनावणीला घ्यायला लावला. तारीख पुढच्या महिन्यात आहे.

आता समोरची बाजू म्हणते, हे वयोमानाने झाले. वकीलबाई म्हणाल्या, “तुम्हाला तरुणपणीही ऐकू येत नव्हतं, हे सांगणारं कोणीतरी हवं.” लंबू उपयोगाचा नाही. त्याला साहेबाने काही विचारले की तो आजही ‘सगळं ठीक’ म्हणतो. राहिली पत्नी. मी सैन्यातून सुटलो त्याच वर्षी आमचे लग्न झाले. पण ती वकीलबाईंना म्हणाली, “मला काही माहीत नाही. मी येणार नाही,” आणि उठून आत गेली. वकीलबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी छताकडे बघितले. ती का नाही म्हणाली हे मला माहीत होते.

कलम सात. आरसा.

माझ्याशी बोलायचे तर माझी पत्नी समोर येते, खांद्याला हात लावते, मग बोलते. तोंडावर ती माझ्याहून कडक शिपाई आहे. कशी आहेस विचारले की उत्तर ठरलेले, “मला काय धाड भरलीय?” पण रोज सकाळी मी दाढी करतो तेव्हा ती माझ्या मागे कपड्यांना इस्त्री करते आणि माझ्या पाठीशी बोलते. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून बोलते. मला ऐकू येत नाही या भरवशावर बोलते.

मला याचा पत्ताच नव्हता. मग एकदा आरसा खिळ्यावरून घसरून तिरका झाला आणि त्यात तिचे ओठ दिसले. गुडघे इतके दुखतात की जिना बसून चढते, असे ती सांगत होती. त्याच संध्याकाळी मी गुडघ्याचे पट्टे घेऊन आलो. तिने समोर येऊन विचारले, “कसं कळलं हो तुम्हाला?” मी म्हणालो, “चालीवरून.”

तेव्हापासून आरसा तिरका आहे. त्यातूनच मला कळले की माझी बहीण तिला कधीच आवडली नाही, मेहुणा तिलाही सहन होत नाही, आणि मी केस काळे केले की बुटाला पॉलिश केल्यासारखा दिसतो. केस रंगवणे मी दुसऱ्या दिवशी बंद केले. माझी दाढी संपता संपत का नाही, हे आता सर्वांना कळेल. ही लबाडी होती, कबूल. पण सांगितले असते तर ती बोलायची थांबली असती, आणि ते मला परवडणारे नव्हते. दिवसभर तळहाताने मशीन ऐकणाऱ्या माणसाला घरात एवढेच ऐकू येत होते.

ऑपरेशन ठरले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती एकाच कॉलरवर पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत होती. म्हणाली, “हा माणूस गेला तर मी बोलू कोणाशी?”

दाढीच्या पात्याने माझी हनुवटी कापली. ती लगेच समोर आली. “लक्ष कुठे असतं हो तुमचं?”

“कुठे काय, काही नाही,” मी म्हणालो.

म्हणून हा दावा मी पत्नीच्या नावे करतो. माझ्यामागे तो तिनेच वारस म्हणून चालवावा. तिने मंडळापुढे एवढेच सांगावे की मी इतकी वर्षे यांच्या पाठीशी बोलत आले आणि हे एकदाही वळले नाहीत. ती काय बोलत होती हे विचारायचा अधिकार कोणाला नाही. विचारले तर वकीलबाईंनी हरकत घ्यावी. दावा मंजूर झाला तर पेन्शनचा तिचा हिस्सा तिला मिळेल आणि गुडघ्यांचे ऑपरेशन होईल. ते खर्चाचे आहे म्हणून टाळते आहे, हेही आरशातूनच समजले. मला ते ऑपरेशन व्हायला हवे आहे. तरीही तिला एवढेसुद्धा सांगायचे नसेल तर दावा मेला तरी चालेल. तिला कोणीही भरीस घालू नये. मुलीने तर अजिबात नाही.

कलम आठ. तिरका आरसा आणि त्यापुढचे स्टूल मुलीला, पण जागेवरून न हलवण्याच्या अटीवर. बाळ, तुझे कान चांगले आहेत. जमेल तेव्हा सकाळी ये, आईकडे पाठ करून त्या स्टुलावर बस आणि गप्प राहा. तुला गप्प राहणे जड जाईल, तरी राहा. ती पहिल्याच दिवशी बोलेल असे नाही. मध्येच मागे वळू नकोस.

शेवट. वकीलबाईंच्या कारकुनाने खाली घालायला छापील ओळ पाठवली आहे: ‘वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी ऐकला, माझी काही तक्रार नाही.’ असल्या ओळीखाली मी एकदा सही करून बघितली आहे. ती खोडून मी माझ्या हाताने लिहितो:

वरील मजकूर मी स्वतः लिहिला आणि डोळ्यांनी वाचला. ऐकलेला नाही. तक्रार आहे.

(सही)
स्थळ: दुकान, खिडकीजवळचे टेबल
तारीख: ऑपरेशनआधीचा शनिवार, दुपारी

साक्षीदार पहिली: शेजारची शिंपीण. यांनी माझ्यासमोर सही केली. वहिनींना मी यातले काही सांगणार नाही. (सही)

साक्षीदार दुसरा: लंबू. सही माझ्यासमोर झाली. तक्रार मलाही आहे. (सही)