भिंतीवरचं पोट

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार, मान खाली घालून. तुझा गुडघा कसा आहे, भाऊजींचा खोकला थांबला का, हे मनापासून विचारतोय. पण आधी ताजी बातमी सांगून टाकतो, नाहीतर ती तुला दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळेल. शाळेच्या व्हरांड्यातल्या चित्रात माझं पोट मीच कमी केलं, हे आज सकाळी उघड झालं. दुजोरा दिला खुद्द मुख्याध्यापिकाबाईंनी. मी ब्रश चालवत होतो तेव्हा त्या आपल्या खोलीच्या खिडकीशी डबा खात बसल्या होत्या. त्यांना वाटलं, मी परवानगी घेतली असेल. (माझ्याबद्दल असा चांगला समज असणारी शाळेत तेवढी एकच व्यक्ती उरली होती.)

झालं असं. सध्या शाळेत एक चित्रकार बाई आल्यात. माझी तिसरीची मुलं त्यांच्याबरोबर व्हरांड्याची भिंत रंगवतायत. विषय, शाळेतली माणसं, दिसतात तशी. बाईंनी सुरुवातीलाच नियम सांगितला की दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा नाही, मोठ्यांनी तर मुळीच नाही. तो नियम फळ्यावर मी स्वतः लिहिला, खाली रेघही मारली. पण तुला माझी सवय ठाऊक आहे. पोरांच्या वहीत घर वाकडं दिसलं की माझा हात शिवशिवतो. मी ते सरळ करून देतो आणि पोरं आपलंच म्हणून घरी दाखवतात. आजवर कुणाची तक्रार नव्हती. (सगळ्यांची घरं हुबेहूब सारखी दिसतात, हे चित्रकार बाईंनी वह्या चाळताना ओळखलं आणि माझ्याकडे बघून नुसतं "हं" केलं.)

मला काढायचं काम आलं वर्गातल्या गोगलगायीकडे. (मुलगी संथ म्हणून हे नाव. पाडलं मीच, त्याचीही आता लाज वाटते.) तिनं मला खूप वेळ न्याहाळलं आणि मग काढलं. तोंड वासलेलं, एक बोट वर, आणि पोट एवढं, की शेजारच्या गाण्याच्या बाईंचा एक हात त्याच्या मागे गेला. शनिवारी पालक भिंत बघायला येणार. त्यांनी काय समजायचं? मधल्या सुट्टीत मुलं मैदानात गेल्यावर मी भिंतीचाच रंग घेतला आणि पोट दोन्हीकडून आत घेतलं. एकदा हात चालू लागल्यावर तोंड मिटवलं, केसही थोडे वाढवले. एका गोष्टीचा मात्र विचार केला नव्हता. गाण्याच्या बाईंचा पोटामागचा हात मुळात कुणी काढलेलाच नव्हता. पोट सरकलं आणि त्या बिचाऱ्या कोपरापासून थोट्या उभ्या राहिल्या.

चित्रकार बाईंनी सगळ्यांना भिंतीसमोर बसवून विचारलं, हे कुणी केलं. गोगलगाय शांतपणे म्हणाली, "सरांनी दुरुस्त केलं."

"काय चुकलं होतं?"

"पोट."

ती तक्रार करत नव्हती गं. आमच्या वर्गात असंच चालतं, तेच ती सांगत होती. आणि मी काय म्हणालो असेन? "खोटं बोलू नये, बाळ." वर समजावणीचा सूर. तिनं माझ्याकडे पाहिलं, ब्रश पाण्यात ठेवला आणि कडेला जाऊन बसली. रडली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून तिनं ब्रश उचलला नाही. मुलं तिला खोटारडी म्हणू लागली, आणि मी ते ऐकून पाढे घेत राहिलो.

आज मुख्याध्यापिकाबाई व्हरांड्यातून जाताना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सर, तुम्ही त्या दिवशी रंगवत होतात ते हेच ना?" मी लगेच कबूल केलं आणि गोगलगायीची माफी मागितली. ती म्हणाली, "मग खोटं कोण बोललं?"

"मी."

"मोठ्यानं सांगा, मागे ऐकू येत नाही." (हे वाक्य वर्गात रोज माझं असतं.)

मी मोठ्यानं सांगितलं.

प्रकृतीला जप. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. ती मला पुन्हा काढायला तयार झालीये, पण मी समोर बसायचं आणि अंगात तो निळ्या चौकड्यांचा शर्ट हवा. तोच मी बाजू सैल करायला तुझ्याकडे दिलाय. उसवला नसशील तर उसवू नकोस. पोटावरचं तुटलेलं बटणही लावू नकोस, त्याची तिनं मुद्दाम चौकशी केली. आजच पाठव.

आणखी एक. वर "लगेच कबूल केलं" असं लिहिलंय, ते लगेच नव्हतं. आधी मी मुख्याध्यापिकाबाईंना म्हणालो, तुम्हाला दुसरं कुणी दिसलं असेल. त्या म्हणाल्या, "एवढं दुसरं कोण आहे आपल्याकडे?"

शनिवारी सकाळपासून मी स्टुलावर बसणार आहे. ती सावकाश काढते, म्हणजे पालक येतील तेव्हाही मी तिथेच असेन. तिची आई येणार आहे. काय झालं ते आईला ती स्वतः सांगणार आहे, आणि ती सांगत असताना मी हलायचं नाही, असं तिनं बजावलंय.