दोन माळ्यांमधलं अंतर

भागीरथी वन्सं यांस,

सोमवारी सकाळी गोठा झाडला, म्हशीची धार काढली, तांदूळ निवडले आणि तुमच्या दादांच्या शेतातल्या राखणीच्या माळ्यावर तशीच पडून असलेली गोधडी धुवायला काढली, तिथून सगळं बिघडलं. (आधी नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींचं पोट आणि स्वभाव, दोन्ही साफ होत असतील अशी आशा करते.) ओली गोधडी दोरीला पेलवेना, म्हणून माळ्याच्या खांबावर टाकली आणि खांबावरचा तुमच्या सुयोगचा डबा सोडून पलीकडच्या आंब्याला बांधला. मला वाटलं, त्याला काय, इथून बघेल नाहीतर तिथून.

सुयोगने रानडुकरांसाठी रडार लावलंय ते तुम्हाला ठाऊकच आहे. एक डबा माझ्या माळ्यावर, दुसरा शेताच्या त्या टोकाला, दादांच्या. सोबतचं पुस्तक मी दोनदा वाचलं (किराणाच्या पुड्या वाचत शिकलेल्या बाईला पुस्तक म्हणजे चैन). डुकरावर आपटून परतलेली लाट दोन्ही डब्यांना ऐकू येते, पण एकाला जराशी आधी. त्या फरकावरून डुक्कर कुठल्या बाजूला ते कळतं. जितकी डुकरं तितके ठिपके फोनवर, प्रत्येकाला वेगळा नंबर, आणि जे पुढे सरकेल त्याच्यावर दिवा वळून कुत्रं भुंकल्याचा आवाज होतो. नुसतं उभं राहिलेलं मात्र दिसत नाही, हललं तरच दिसतं. (भावोजी जेवणानंतर दिसणार नाहीत.)

हसू नका, तुमचे दादा आणि मी हेच करायचो, विजेशिवाय. खसखस झाली की ते म्हणायचे माझ्या डावीकडे, मी म्हणायचे माझ्या उजवीकडे, की डुक्कर कुठे ते पक्कं. दोन आली की मी एकाबद्दल बोलायचे, ते दुसऱ्याबद्दल, आणि चार डुकरं धरून आम्ही एकमेकांना शिव्या घालायचो. ते गेल्यापासून एकटीला एवढंच कळतं की आलंय. कुठे, ते कळत नाही. गेल्या वर्षी अर्धं भात गेलं. यंदाही गेलं तर शेत विकणं आलं. फार्महाउसवाल्यांचे दलाल दौलतराव रोज संध्याकाळी बांधावर येऊन तेच सांगतात, "काकी, बाईमाणसाचं काम नाय हे. आकडा बोला."

तर सोमवारी दिवेलागणीला ठिपके उमटले. मला डुकरं रताळ्यांत ऐकू येतायत, दिवा मात्र वळला थेट बांधामागे. तिथे दौलतराव, मला भेटण्याआधी, हलके व्हायला बसलेले. डोळ्यांवर उजेड आणि कानाशी कुत्रं. विजार एका हाताने धरून ते विहिरीकडे पळाले. हलले, तसा त्यांनाही नंबर मिळाला. फक्त मशीनच्या मते ते विहिरीशी नव्हते, रताळ्यांत होते. दिवा त्यांना शोधत तिकडे गेला आणि डुकरं उधळून जंगलात पळाली. राखण झाली म्हणायची.

मग सुयोगचा फोन (ठिपके त्यालाही तिकडे दिसतात). "मामी, डबा हलवलास?"
"गोधडी ओली होती."
"अगं, दोन डब्यांमधलं अंतर मी मोजून मशीनला सांगितलंय. ते बदललं की दिशा खोटी."
"मग तसं पुस्तकात लिहायचंस."
"लिहिलंय, मामी. पहिल्या पानावर."
(मी दुसऱ्या पानापासून वाचते. पहिल्यावर नेहमी कुणाचे तरी आभार असतात.)

सुयोगला रागावू नका. भावोजींना नमस्कार सांगा, ते हलले तर.

तुमची वहिनी,
कौसा

ता. क. : दौलतराव त्यानंतर फिरकलेले नाहीत.

आणखी एक : मशीन चांगली आहे, पण डुक्कर नसताना ती हाक मारत नाही. तुमचे दादा मारायचे. भात कापेपर्यंत त्यांच्या माळ्यावर येऊन बसा. गुडघ्याचं सांगू नका, शिडी मी धरते. आवाज तुमचाही त्यांच्यासारखाच घोगरा आहे. मंगळवारी मी डबा होता तिथे, त्यांच्या खांबाला बांधला आणि वाळलेली गोधडी वर अंथरून आले.