पुकारा एकदाच

अण्णा, रोह्याच्या वाचनालयाने जुनी पुस्तकं मोडीत काढायला घेतली आहेत आणि त्यात माझी कादंबरी निघाली. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "रद्दीत कशाला घालू? तुमचीच हाय, घेऊन जावा." मी घेऊन आले, रोह्याला लागूनच्या वरसेतल्या घरी खुर्चीत बसून मागचं पान उघडलं. दोनदा चहा टाकला, दोन्ही वेळा तसाच ओतून दिला. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही जे लिहून ठेवलं होतंत ते मला आज मिळालं.

त्या वाचनालयाची एक रीत होती, तुम्हाला ती माहीत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. प्रत्येक कादंबरीच्या शेवटी बाई एक रेघी कागद कडेने चिकटवायच्या. वाचकाने आपलं मत लिहायचं, नाव लिहायचं नाही. नाव नसलं की माणसं किती खरी बोलतात ते त्या कागदावर बघावं. माझ्या पुस्तकाचा कागद दोन्ही बाजूंनी भरलाय. "फर्स्ट शिफ्टला जाताना गाडीत सुरू केली, घरी येईपर्यंत संपली. जबरदस्त स्पीड." "वाचता वाचता भाजी करपली, याला लेखिका जबाबदार." "शेवटी तो वकील एवढा धावतो की माझाच दम निघाला." "खुनी कोण ते पान ४० वर कोणीतरी पेनाने लिहून ठेवलंय, त्याला आधी अटक करा." मी एकटीच मोठ्याने हसत होते, अण्णा. आणि मग कागद उलटला.

पण आधीचं सांगते, म्हणजे मलाही नीट दिसेल. पेणच्या कोर्टात तुम्ही पट्टेवाले. तुमच्या हातात ना कागद, ना शिक्का. तुमच्या हातात होता फक्त पुकारा. केस निघाली की व्हरांड्यात यायचं, गेटाकडे तोंड करायचं आणि पक्षकाराचं नाव तीनदा घ्यायचं. खाडीकाठच्या खारपट्टीतली माणसं आत बाकावर बसायला बिचकायची, बाहेर झाडाखाली बसून राहायची, म्हणून तीनदा. तिसऱ्यांदाही 'हजर' आलं नाही तर आत जाऊन साहेबांना 'गैरहजर' सांगायचं. तुमचा आवाज पार एसटी स्टँडपर्यंत जातो असं वकील मंडळी चेष्टेने म्हणायची, आणि तुम्हाला त्याचा केवढा अभिमान! मला उठवतानाही तेच. माझं पूर्ण नाव, त्यात मधे तुमचं नाव, तीन वेळा. तिसऱ्याला मी पांघरुणातूनच ओरडायचे, "हजर!" आई करवादायची, "पुरे ओ तुमचं कोरट, शेजारी उठली सगली."

टाइपरायटर आणलात तो दिवस मला लख्ख आठवतो. मी एकोणीस वर्षांची, टायपिंगची परीक्षा तोंडावर आलेली, आणि क्लासमध्ये एका मशीनला चार मुली. आई स्वयंपाकघरात वाल सोलत बसली आहे, तुम्ही दुपारीच घरी येता, खांद्यावर गोणपाटात बांधलेलं ते मशीन. "ह्ये धूड कुठनं आणलंत?" आई विचारते. "कोर्टातलं जुनं, मोडीत काढलेलं. पोरीला हाय." एवढंच बोलून तुम्ही पाटावर बसता, समोरचं ताट तसंच ठेवता. "घसा बसलाय काय?" आई म्हणते. "व्हय," तुम्ही म्हणता, "बसलाय." मी मात्र गोणपाट सोडत होते. मला तुमच्या घशाशी काय देणंघेणं? मला मशीन मिळालं होतं.

त्या मशीनवर मी परीक्षा काढली, त्या जोरावर रोह्याच्या कंपनीत लागले, लग्न करून वरसेला आले आणि सुट्टीच्या दुपारी त्याच मशीनवर ही कादंबरी बडवली. गोष्ट तुम्हाला माहीतच आहे म्हणा आता. मिठागरातल्या एका म्हाताऱ्याचा घराच्या जागेचा दावा. पट्टेवाला त्याचा पुकारा एकदाच करतो, तोही भिंतीकडे तोंड करून, हळू. म्हातारा समोरच्या टपरीवर चहा पीत असतो, त्याला ऐकू जात नाही, दावा गैरहजेरीत निकाली निघतो. दुसऱ्या दिवशी जागामालक मरून पडलेला सापडतो आणि आळ म्हाताऱ्यावर येतो. मग एका तरुण वकिलाची नुसती धावाधाव. आणि त्या पट्टेवाल्याला एका पुकाऱ्याबद्दल काय मिळालेलं असतं? मालकाच्या वकिलाकडून, मुलीसाठी शिलाई मशीन.

छापून आलेली पहिली प्रत घेऊन मी पेणला आले. तुम्ही पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलंत. "मी कोर्ट रोज बघितलाय. आता पुस्तकात कशाला बघू?" मग विचारलंत, "पट्टेवाला हाय काय यात?" आणि मी, अण्णा, मी हसत हसत म्हणाले, "हाय ना! तोच तर खरा चोर." तुम्ही पुस्तक कपाटावर ठेवलंत, वर, हात पुरणार नाही इतक्या वर. "बापाच्या भाकरीवर असं लिवू नये गो," एवढंच म्हणालात. मला वाटलं, पट्टेवाल्याला चोर केला म्हणून राग आलाय. जाईल आपोआप. पण त्यानंतर तुम्ही मला कधी तीनदा हाक मारून उठवलं नाहीत. माहेरी आले की दारात उभे राहून नुसतं "उठ" म्हणायचा. रोह्याला माझ्याकडे यायचा, पण चहा झाला की "नदीवर जाऊन येतो" म्हणून दोन दोन तास गायब. मी म्हणायचे, एवढं काय ठेवलंय कुंडलिकेवर?

तुम्ही वाचनालयात बसत होता.

कागदाच्या मागच्या बाजूला कोणीतरी निळ्या शाईत लिहिलंय, "कथानक वेगवान आहे, पण एका शिलाई मशीनसाठी कोणी इमान विकतं का? पटलं नाही." त्याच्या खाली पेन्सिलीने, ठळक, दाबून: "विकतो माणूस. मुलगी हुशार असली की विकतो." मी तिथेच अडकले. कारण त्याच्या खालच्या ओळीत 'लेखिकेला' हा शब्द आहे, आणि त्यातला ख म्हणजे र आणि व, एकमेकांपासून लांब उभे. जगात असा ख एकच माणूस काढायचा. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर त्या ख मुळे बाईंनी मला विचारलं होतं, "हे 'रवूप छान' काय आहे?"

ओळ अशी आहे, मी जशीच्या तशी उतरवते. "पान ६३. पुकारा एकदाच, भिंतीकडे तोंड करून, हळू. बरोबर आहे. पण तो टपरीवर नव्हता. झाडाखाली होता, मला दिसत होता. हे लेखिकेला कोणी सांगितले?" आणि सगळ्यात खाली, एकटाच शब्द. "हजर."

कोणी नव्हतं हो सांगितलं! मी हे आत्ता घरात एकटी असताना मोठ्याने म्हणाले, वेड्यासारखी. मला गोष्टीसाठी एक पट्टेवाला हवा होता आणि मी हिशेबाने विचार केला, की पट्टेवाल्याने एखाद्याचं वाटोळं करायचं ठरवलं तर तो काय करील? त्याच्या हातात आवाजाशिवाय आहे काय? म्हणून मी त्याचा आवाज काढून घेतला. बस, एवढंच. आणि तुम्ही धरून चाललात की मुलीला सगळं माहीत आहे, तिने बापाला चारचौघांत पिंजऱ्यात उभं केलंय आणि वर हसत हसत प्रत भेट आणून दिलीय. शेवटची सगळी वर्षं तुम्ही माझ्यासमोर आरोपी म्हणून बसत होता, माझ्या हातचा चहा पीत होता, आणि मी तुम्हाला आणखी एक बिस्कीट घ्या म्हणत होते. मला लाज वाटते, रागही येतो. तुमचाही येतो. झाडाखाली बसलेला माणूस दिसत असताना तुम्ही भिंतीकडे कसे वळलात, अण्णा? पेण-रोहा गाडीत कासू स्टेशन आलं की तुम्ही खिडकी सोडून आतल्या बाजूला सरकायचा, ऊन लागतं म्हणायचा. म्हणजे तो कासूकडचा होता. त्याचं नाव तुम्ही कागदावरही लिहिलं नाहीत.

मी उद्या कासूला उतरेन, विचारत फिरेन, असं मघाशी ठरवलं होतं. आता संध्याकाळ होत आली आणि मला माझी खात्री वाटत नाही. हे पत्र त्या पुस्तकातच ठेवून देणार आहे, पान ६३ ला.

एक राहिलं. कोणी सांगितलं नव्हतं, हे मी वर लिहिलंय ते सगळं खरं नाही. मशीन आणलंत त्याच दुपारी पुसायला म्हणून मी ते उलटं केलं, तर खाली पांढऱ्या रंगात नाव होतं. कोर्टाचं नव्हे, त्या बड्या वकिलाचं, जो तुम्हाला कधी नावानेसुद्धा हाक मारत नसे. कोर्टातलं मोडीत काढलेलं नाही, हे मला तेव्हाच कळलं. तुम्ही पलीकडे न जेवता बसला होता, विचारायला चार पावलं जायचं होतं. मी तुमच्या दाढीचं ब्लेड आणलं, नाव खरवडून काढलं आणि टायपिंगचा सराव सुरू केला.